पांढरीवरचं सारवण

चक्कीवर दळण घेऊन गेली का कोणीतरी विचारतेच, "काय वं अर्चना, तुही जाऊ म्हणे सायबांचा खड्डा सारवून आली?" अन् मंग सगळ्या खी-खी करून हसतात. चक्कीवाला बी हसते, मिशीवरचं पीठ उडेपर्यंत. पह्यले मी भांडत होती. आता डबा तिथंच ठेवते अन् सांजचं दळण आणायले दुसऱ्याले पाठवते.

पण ज्याले अर्धंच माहीत त्यानं तोंड चालवू नाही ना बाप्पा! म्हून मी सगळं सांगून राहिली. मी अंगणवाडीत काम करते, दिवसभर लेकरायच्या मागं ओरडून ओरडून माहा आवाज असा झाला, त्याले कोणी भांडण समजू नका. राग हाय, ते खरं हाय. पण तो कोणावर हाय, हे माहं मले बी अजून नीट समजलं नाही.

वत्सलाबाई माही मोठी जाऊ. माहेर लोधीखेड्याचं. आमचं गाव कन्हानच्या काठी, नागपूरच्या हद्दीले लागून पण मध्यप्रदेशात, रामाकोन्याहून पायी येता येते एवढंच दूर. माहे भासरे, म्हणजे तिचे मालक, वामन, सौसरच्या नगरपालिकेत नळाले पाणी सोडायच्या कामावर हायेत. तुकडाभर वावर हाय घरचं, त्यात कापूस. बाकी वत्सलाबाई दुसऱ्याच्या वावरात जाते, कापूस वेचायले, संत्रा तोडायले. दिसायले चारचौघींसारखी, बोलायले कमी, अन् चिडत तर कधीच नाही. माह्यासारखीच्या घरात अशी जाऊ मिळणं म्हणजे माहं नशीबच म्हणायचं.

तिच्या हातात एकच गोष्ट होती, सारवण. आमच्या मोहल्ल्यात अजून बऱ्याच घरी मातीची जमीन हाय, अन् ज्याच्या घरी फरशी आली त्याच्या घरी बी लग्नाले अंगण लागतेच. बाबासाहेबांच्या जयंतीले विहारासमोरचं पटांगण वत्सलाबाईच सारवणार, दुसरीनं बादलीले हात लावला तरी बाया म्हणत, थांब वं, तिले येऊ दे. शेण किती, माती किती, पाणी केव्हा, हे ती कोणाले सांगत नोव्हती असं नाही, पण सांगूनही कोणाले तसं जमलं नाही. पाच बोटं पसरून ती अर्धा गोल ओढायची, त्याले टेकून दुसरा, मंग तिसरा, अन् सगळी जमीन वाळली का एक भेग दिसत नोव्हती. पाटलाच्या गल्लीतले बी तिले लग्नाले बोलावत. अंगणापर्यंत बोलावत, उंबऱ्याच्या आत नाही. मी म्हणो, "जाऊ नोको तिथं, कायले जाते?" तर ती म्हणे, "अंगण बी घराचंच असते न वं."

तिच्या सारवणाले माती लागे ती पांढरीची. गजानन भाऊच्या संत्र्याच्या मळ्यामागं, नदीच्या अंगानं, एक टेकाड हाय, त्याले आम्ही पांढरी म्हणतो. काळी माती शेताची अन् पांढरी माती उठून गेलेल्या वस्तीची, हे आमच्या अंगणवाडीतल्या पोराले बी माहीत. कोणाची वस्ती, केव्हाची, हे कोणाले माहीत नोव्हतं अन् कोणी विचारलं बी नाही. बाया टोपली घेऊन जात, कडेची माती खोदून आणत. त्या मातीत खापराचे तुकडे निघत, ते बाजूले फेकून द्यायचे अन् माती चाळून घ्यायची. माही सासू तसंच करे, वत्सलाबाई तसंच करे, मी बी केलं.

तिची पोरगी करुणा. ही पोट्टी नागपूरले शिकायले गेली अन् जुन्या वस्त्या खोदून पाहायचं शिकून आली. एका सुट्टीत घरी आली, आईच्या चाळणीतले खापराचे तुकडे पाहिले अन् जेवण सोडून टेकाडावर पळाली. सांजले परत आली ते ओटी भरून खापरं अन् नखाएवढ्या धारदार गारगोट्या घेऊन. चेहरा असा झाला होता का मले वाटलं पोरगी आजारी पडते का काय.

"आई," ती म्हणाली, "आजपासून पांढरीची माती आणायची नाही."

"काहून?"

"तिथं माणसं राहत होती. आपण त्यांचं घर चाळून राहिलो."

वत्सलाबाईनं हातातली चाळणी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी मी पाहते तर चाळलेल्या मातीची अर्धी गोणी उचलून ती टेकाडाकडं चालली होती, परत टाकायले. मी म्हटलं, "वेडी झाली का? टाकलेल्या मातीचं घर होते का?" ती म्हणाली, "होत नाही. पण ठेवू बी कशी?" मीच तिले माघारी आणलं, अन् ती गोणी तशीच कोपऱ्यात पडून राहिली. त्यानंतर ती नदीवरून येताना टेकाडाकडं मान करत नोव्हती. एवढी वर्षं नेली, याची तिले मनापासून लाज वाटून राहिली होती. मंग सारवायले ती शेतातलीच चिकण माती वापरू लागली, तिले भेगा पडत अन् लोक म्हणत, वत्सलाबाईचा हात गेला आता. ते बी तिनं ऐकून घेतलं.

करुणानं तिच्या प्रवीण सरांच्या मागं लागून लागून परमिशन काढली अन् यंदा हिवाळ्यात खोदकाम सुरू झालं. ते बी किती? टेकाडाच्या एका अंगाले एक चौकोनी खड्डा. खुंट्या रोवून सुतळी बांधलेली, अन् आत पोट्टे-पोट्ट्या दात घासायच्या ब्रशनं माती झाडून राहिले. गजानन भाऊ मळ्याच्या धुऱ्यावर, बांधावर उभा राहून म्हणे, "इतक्यात तर माझ्या जेसीबीनं सगळं टेकाड सपाट केलं असतं." थट्टा नोव्हती ती. टेकाड त्याच्याच मालकीचं, त्याले तिथं संत्र्याची नवी कलमं लावायची होती, खड्डे आखून तयार होते. करुणाच्या विनवणीनं तो महिनाअखेरपर्यंत थांबला होता. त्याच्यानंतर जेसीबी. सरकारी कागद आला तरच टेकाड वाचणार होतं.

गावातल्या बायांना तिथं मजुरी मिळाली, टोपल्या उचलायची. वत्सलाबाईले मात्र करुणानं येऊ दिलं नाही. "माह्या आईनं माह्याच खड्ड्यावर टोपली उचलायची नाही," म्हणाली. वत्सलाबाई मानानं केवढी फुगली त्या बोलण्यानं! चार जणींना सांगितलं. मले मात्र त्यात थोडी मेख वाटली. कारण पोरगी सगळ्यांसोबत गावच्या शाळेत राहत होती, घरी यायची ते एकटी यायची, अन् सरांना घरी आणायचं म्हटलं का म्हणे, "शेवटच्या दिवशी जेवायले आणते सगळ्यांना, तेव्हा ओळख करून देते." मी काही बोलली नाही. बोलली असती तर वत्सलाबाईनं माह्याशी बोलणं सोडलं असतं, अन् ते मले परवडत नाही.

मंग एक दिवस दुपारी करुणा धावत आली. केस मातीनं पांढरे, पायात चप्पल नाही. "आई! काकू! जमीन सापडली!"

"कोणाची जमीन?" मी विचारलं. मले वाटलं सरकारी पट्ट्याचं काही असन.

"घराची जमीन. सारवलेली." तिनं ओसरीवर बसून सांगितलं अन् आम्ही दोघी ऐकत राहिलो. इथं पह्यले नुसतं रान होतं म्हणे. शिकार करणारे, कंद खणणारे लोक फिरत यायचे, चार दिवस नदीवर राहून पुढं जायचे. घर करून राहणारं कोणी नोव्हतं. मंग कोठून तरी काही लोक आले, बहुतेक नदीच्या काठाकाठानं, शेळ्या-गायी हाकत, बोचक्यात बियाणं बांधून. रान तोडलं, कुडाच्या झोपड्या केल्या, पेरणी केली. "तीन हजार वर्षांच्या वर झाले असतील," करुणा म्हणाली. "या काठावर घर करणारे ते पह्यले असावेत, असं मले वाटते. अन् आई, त्या जमिनीवर बोटांचे वळ हायेत. असे अर्धे गोल."

वत्सलाबाईनं आपली पाची बोटं पसरून पाहिली. मंग म्हणाली, "रडली असन वं ती बाई. परक्या मुलखात ना विहीर, ना शेजार. जमीन सारवली असन तवा कुठं तिले घर वाटलं असन." करुणानं आईच्या गळ्यात हात टाकला. मी तोंड धुवायच्या निमित्तानं उठली, कारण मले अशा वेळी काय करावं समजत नाही.

"बरी हाय का जमीन?" वत्सलाबाईनं विचारलं.

"अर्धी टवके उडालेली हाय. पण जेवढी हाय तेवढी लाखाची हाय. परवा भोपाळहून पुरातत्त्व खात्याच्या मॅडम येऊन राहिल्या. ती जमीन पाहून त्या ठरवतील, टेकाड ठेवायचं का जाऊ द्यायचं ते. माहं सगळं त्या जमिनीवर हाय, आई."

मॅडम यायच्या आदल्या दिवशी सगळे त्यांना आणायले सौसरले गेले अन् तिथंच थांबले. खड्ड्यावर ताडपत्री झाकली होती. कोणी चोरून नेईल असं त्यात काही नोव्हतं, म्हून राखणीले बी कोणी नोव्हतं. अन् सकाळी, नुकतं उजाडलं होतं, मी दूध आणायले निघाली तर टेकाडावरून वत्सलाबाईनं आवाज दिला, "ये वं अर्चना, पाहाले ये."

मी चढून गेली. माय वं! काय सांगू! ताडपत्री घडी करून बाजूले ठेवलेली, अन् खड्ड्याच्या तळाशी जमीन अशी गुळगुळीत, ओली, हिरवट-पिवळी, जिथं जिथं टवके उडाले होते तिथं तिथं भरलेली, अन् सगळ्यावरून अर्धे गोल एकाले एक टेकलेले. खड्ड्याच्या काठावर रांगोळी. वत्सलाबाई कोपरापर्यंत शेणानं भरलेली, कपाळावर घाम, अन् हसून राहिली होती.

"जुनं सारवण राखायचं तर त्यावर हात फिरवावाच लागते," ती म्हणाली. "नाहीतर दोन उन्हाळ्यात उडून जाते सगळं. पाहुणे येऊन राहिले, अन् त्या बाईची जमीन अशी फाटकी दाखवायची का? मी एवढी वर्षं तिची माती नेली. आज चाळून ठेवलेली होती नव्हती ती सगळी तिले परत दिली."

मी काय म्हटलं माहीत हाय? मी म्हटलं, "झकास झालं!" दोघी आम्ही तिथं उभ्या राहून खड्ड्याकडं पाहत होतो, जशा काही लग्नघरच्याच.

जीप आली. पुढं मॅडम, पिकल्या केसांच्या, भोपाळच्या सायबीण असल्या तरी माहेर नागपूरचं, मराठीच बोलत. मागं प्रवीण सर, करुणा अन् चार पोट्टे. मजुरीच्या बाया बी आल्या होत्या. वत्सलाबाईनं हात घाईघाईनं पुसले होते, पण शेण असं जाते का? ती काठावर उभी राहिली, कोणीतरी आता काहीतरी छान बोलणार अशी वाट पाहत.

प्रवीण सरांनी खड्ड्यात पाहिलं अन् खालीच बसले. डोक्यावर दोन्ही हात. मॅडम उतरल्या, एक बोट त्या ओल्या जमिनीले लावलं, वास घेतला, अन् म्हणाल्या, "हे तर ताजं आहे."

मंग त्यांनी जे सांगितलं ते मी सांगते, माह्या भाषेत. जुन्या जमिनीत त्या काळचं गवत, त्या काळचा कोळसा असते, त्यावरून ती किती जुनी ते मशीन सांगते. त्यात आता आजच्या म्हशीचं शेण मिसळलं. पाणी आतपर्यंत गेलं. त्या पह्यल्या बाईच्या बोटांचे वळ वत्सलाबाईच्या बोटांखाली गेले. जे पाहायले मॅडम भोपाळहून आल्या ते आता नाही. "यावर मी काही लिहू शकत नाही," असं त्या म्हणाल्या. आवाज मोठा नोव्हता, पण मले ऐकवलं नाही.

वत्सलाबाईचं हसू कुठं गेलं ते मी पाहिलं. गेलं नाही एकदम. तसंच तोंडावर राहिलं थोडा वेळ, काय करावं ते न समजून.

"कोणी केलं हे?" मॅडमनी करुणाले विचारलं.

करुणानं आईकडं पाहिलं. आईच्या हाताकडं पाहिलं. अन् ही पोट्टी, जिले मी अंगणवाडीत हात धरून चालायले शिकवलं, ती म्हणाली, "गावातली बाई आहे, मॅडम. गावातली कोणी बाई."

मजुरीच्या सगळ्या बाया तिथं होत्या. सगळ्यांना माहीत होतं कोण कोणाची कोण ते. सगळ्या जमिनीकडं पाहत राहिल्या. माह्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात वत्सलाबाईनं माहं मनगट धरलं, असं घट्ट का शेण माह्या बांगड्यात गेलं.

मॅडम तिच्याजवळ आल्या. त्यांना वेगळाच संशय होता. "बाई, तुम्हाला मळ्याच्या मालकानं पाठवलं का? हे खराब करायला?"

"नाही जी. गजानन भाऊले काही माहीत नाही."

"मग कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. मले वाटलं पाहुणे येऊन राहिले."

"या कामावर तुमचं कोणी आहे का? नातेवाईक?"

वत्सलाबाईनं एकदाही करुणाकडं पाहिलं नाही. "नाही," ती म्हणाली, "माहं कोणी नाही इथं."

मॅडम जरा कडक बोलल्या तिले, सरकारी गोष्टीले हात लावू नये वगैरे. ती मान हलवत राहिली. मंग रिकामी बादली उचलली अन् टेकाड उतरून गेली. प्रवीण सर मॅडमच्या मागं लागले, दुसऱ्या अंगाले एक ल्हान खड्डा घेऊन पाहू द्या म्हणून. मॅडम म्हणाल्या, विचार करते. त्या टेकाडाचं शेवटी काय होते ते अजून बी ठरलं नाही, फाइल भोपाळले हाय अन् गजानन भाऊ रोज विचारते. पण मी टेकाडाचं सांगायले बसली नाही.

सांजच्या वेळी मी वत्सलाबाईच्या घरी गेली ते तिच्या पोरीले शिव्या घालायच्या तयारीनं. पोरगी तिथं नोव्हतीच, शाळेतच राहिली होती. वत्सलाबाई चुलीपुढं बसली होती, चूल पेटलेली नोव्हती. भासरे बाहेर बाजेवर, भिंतीकडं तोंड करून.

"उद्या ते सगळे जेवायले येतील," ती मले म्हणाली. "आधीच सांगून ठेवलं हाय पोरीनं. आता नाही म्हणता येत नाही."

"येऊ दे. अन् मी सगळ्यांसमोर तिचे कान..."

"अर्चना, तू बस माह्या जागी."

मले समजलंच नाही ती काय म्हणते ते. तिनं सांगितलं. पाहुण्यांनी तिले पाहिलेलं हाय, मी तर बायांच्या घोळक्यात होती, माह्याकडं कोणाचं लक्ष नोव्हतं. ती करुणाची आई निघाली तर म्हणतील, हिच्या घरच्यांनीच वाट लावली, अन् ही खोटं बोलली. दुसरा खड्डा बी मिळणार नाही. म्हून सैपाक ती करणार, पण वाढायले मी बसायचं, करुणाची आई म्हणून. भासऱ्यांनी सुट्टी असून ड्युटीवर जायचं कबूल केलं होतं. माणसाले इतकी शरम वाटली का तो स्वतःच्या घरातून निघून जायले तयार झाला.

"मी नाही करणार," मी म्हटलं. "हे काय नाटक हाय का?"

"तुले माही शपथ हाय."

मी खूप बोलली तिले. काय काय बोलली ते आता आठवत बी नाही. ती ऐकत राहिली अन् उठून भिंतीवरचा तिच्या लग्नाचा फोटो उतरवला, पदरानं पुसला, पेटीमागं ठेवला. मंग पेटीतलं तिचं लुगडं काढून माह्या हातात दिलं, अन् मी ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तवा पाटवडीचा रस्सा, वांग्याची भाजी, पोळ्या, वरण-भात, सगळं तयार होतं अन् वत्सलाबाई मागच्या दारानं वावरात निघून गेली होती. करुणा आत आली, मले पाटापाशी तिच्या आईच्या लुगड्यात पाहिलं, अन् तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिले कोणी सांगितलं नोव्हतं. तिनं माह्याकडं पाहिलं, मी भांड्याकडं पाहिलं.

"या करुणाच्या आई का?" मॅडमनी हात जोडून "जय भीम" केला. मी बी केला. करुणा ताटं मांडायले लागली.

पंगत बसली. वत्सलाबाईच्या जमिनीवर सगळे मांडी घालून बसले, पोट्टे तर्री मागून मागून घेत होते. मॅडम म्हणाल्या, "पाटवड्या तुम्ही केल्यात? फार सुरेख आहेत." मी "हो" म्हटलं. एवढा जड "हो" मी जन्मात म्हटला नोव्हता. करुणाच्या ताटातला भात तसाच होता.

अन् मंग मॅडमनी हातातला घास ताटात ठेवला. "मला काल झोप लागली नाही," त्या प्रवीण सरांना म्हणाल्या. "त्या बाईंना मी नको ते बोलले. मालकानं पाठवलं का, असं विचारलं. कुणीतरी घर समजून हात फिरवून गेलं तिथं, आणि मी चौकशी करत बसले." मंग माह्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही त्यांना ओळखत असाल ना? त्यांचं घर कुठं आहे? जाता जाता भेटून जाईन."

मी शपथेनं बांधलेली. हातात पळी धरून मी पोरीकडं पाहत होती, बोल वं, बोल, आता तरी बोल.

"हेच घर आहे, मॅडम," करुणा म्हणाली. तिनं ताट बाजूले सारलं. "ह्या माझ्या काकू आहेत. काल तुम्ही ज्यांना बोललात ती माझी आई आहे. मी... मला लाज वाटली तिची. तुमच्यासमोर, सरांसमोर. मी गावातली बाई म्हटलं."

प्रवीण सर ताटाकडं पाहत राहिले. मॅडमनी विचारलं, "कुठं आहेत त्या?" मी म्हटलं, "वावरात." त्या म्हणाल्या, "घेऊन या. मी बसते." अन् उष्ट्या हातानं तशाच बसून राहिल्या.

करुणा पुढं, मी मागं. वत्सलाबाई कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून राहिली होती. आम्हाले पाहून उभी राहिली. "काय कमी पडलं? भात का?"

"सांगून टाकलं मी, आई."

"काय सांगितलं?"

"का तू माही आई हायेस."

वत्सलाबाईनं हातातली पऱ्हाटी फेकली. आयुष्यात पह्यल्यांदा मी तिले चिडलेली पाहिली. "अक्कल हाय का तुले? आता कोण तुले खोदू देईन? एवढं मी सगळं..."

"नाही दिलं तर नाही दिलं!" करुणा रडत ओरडली. "मी तुले गावातली बाई म्हटलं, आई. तुह्या तोंडासमोर म्हटलं. मले मार तू."

वत्सलाबाईचा राग उतरला. ती धुऱ्यावर बसली. "त्याचं मले काही नाही," ती म्हणाली. "तू घाबरली होती. सगळं जाऊन राहिलं होतं तुहं, अन् ते म्याच घालवलं. घाबरल्यावर माणूस काहीही बोलते." तिनं एक ढेकूळ उचलून बोटानं फोडलं. "पण मी काहून म्हटलं माहं कोणी नाही म्हून? मले काय कोणी मारत होतं? मी आई हाय न तुही. रातभर तेच आठवून राहिली मी. किती सोपं निघालं वं ते तोंडातून."

करुणानं फेकलेली पऱ्हाटी उचलून धुऱ्यावर ठेवली.

वत्सलाबाई उठली, हात झटकले, अन् घराकडं चालू लागली. आम्ही मागं. ती मागच्या दाराकडं वळली नाही, गल्लीतून पुढच्या दारानं गेली. पाहुण्यांचे चप्पल-बूट ओलांडून आत गेली अन् पंगतीसमोर उभी राहिली. डोक्यावर पदर, नजर जमिनीवर, हाताले पऱ्हाट्यांचे ओरखडे. मॅडम उठायले लागल्या.

"मॅडम, काल मी खोटं बोलली," ती म्हणाली. "तुमी विचारलं, तुमचं कोणी हाय का इथं. ही करुणा माही पोरगी हाय."

"कळलं मला," मॅडम हळूच म्हणाल्या. "तिनं सांगितलं आत्ता."

"तिनं सांगितलं जी," वत्सलाबाई म्हणाली. "मी नोव्हतं सांगितलं."